दर माणशी दहा रत्तल

सिंदी स्टेशनात उतरून रुळांच्या कडेकडेनं थोडं चाललं की कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचं धुराडं दिसायचं. हंगामात तिथला भोंगा सकाळी सहाला वाजे, आणि अर्ध्या गावाच्या चुली त्या भोंग्यावर पेटत. भोंग्याची दोरी ओढणारे भैयाजी थूल त्या फॅक्टरीत चौदाव्या वर्षी कोळसा वाहायला लागले होते. त्यांना कोणी काही शिकवलं नाही. जुना मिस्तरी इंजिन खोलायचा तेव्हा हे घमेलं हातात धरून उभे राहायचे आणि कोणता नट कुठून निघाला ते मनात ठेवायचे. जुना मिस्तरी खोकत खोकत गेला, आणि पुढच्या हंगामात इंजिन बंद पडलं तेव्हा ते यांनीच सुरू केलं. त्या दिवसापासून ते मिस्तरी झाले.

फॅक्टरीच्या फाटकाच्या आत त्यांच्या शब्दाला वजन होतं. मॅनेजर प्रभाकरराव त्यांना 'अहो मिस्तरी' म्हणत. फाटकाच्या बाहेर मात्र प्रभाकररावांच्या घरी काही कामानं गेलं तर भैयाजींसाठी कोनाड्यात वेगळी कपबशी असे, आणि पिऊन झाल्यावर ती आपणच विसळून ठेवायची असे. छप्पन साली दसऱ्याला भैयाजी आणि त्यांची बायको कमलाबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर भैयाजींनी त्या घरचा चहा सोडला. कारण सांगितलं नाही. प्रभाकररावांनी विचारलंही नाही.

जिनाच्या लांब दालनात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, लोखंडी दांडा फिरे. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि चोवीस जिन फिरवत. जिनावर बाया बसत, कपाशी टाकत, एका बाजूनं रुई आणि दुसऱ्या बाजूनं सरकी पडे. या सगळ्या दांड्याला ओढणारं एक मोठं चाक इंजिनाच्या भिंतीजवळ होतं. सहा आऱ्यांचं, बिडाचं, पुरुषभर उंचीचं. विलायतेहून आलेलं. त्याच्या कडेवर उठावाच्या अक्षरांत कुठल्याशा इंग्रजी गावाचं नाव आणि १९१२ साल होतं. दरवर्षी दसऱ्याला बाकीचे लोक त्या चाकाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालत. दीक्षेनंतर भैयाजींनी पूजा केली नाही, पण दुसऱ्या दिवशी सुकलेली माळ काढून रॉकेलच्या फडक्यानं चाक पुसायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

सत्तावन्नच्या जानेवारीत पट्ट्याचं चामडं आणायला ते वर्ध्याला गेले. मैदानावर मोठा तंबू लागला होता. पंचवार्षिक योजनेचं प्रदर्शन होतं, फुकट. गाडीला तीन तास होते म्हणून ते आत शिरले. धरणांची चित्रं, खताची पोती, एका टेबलावर भिलाईला बांधत असलेल्या पोलाद कारखान्याचा पुठ्ठ्याचा नमुना. आणि तंबूच्या टोकाला एक फळा. फळ्यावर देशांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे काळ्या रंगानं काढलेला लोखंडाचा ढीग. अमेरिकेपुढे ढीग फळ्याच्या वरच्या कडेला टेकला होता. इंग्लंडपुढे त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. जपानपुढे गुडघ्याएवढा. भारतापुढे चित्रकारानं ब्रश एकदा टेकवून उचलला असावा, एवढाच ठिपका.

जवळ खादीचा सदरा घातलेला कॉलेजातला एक तरुण उभा होता. भैयाजींनी त्याला विचारलं, "बाबू, हे ढीग कायचे व्हय?"

"पोलादाचे. एका देशात वर्षाला जितकं पोलाद तयार होतं, ते सगळ्यांना सारखं वाटलं तर एकेका माणसाच्या वाट्याला किती येईल, ते. अमेरिकेत चौदाशे रत्तल. इंग्लंडात साडेआठशे. जपानात सव्वादोनशे."

"अन् आपल्या इथं?"

"दहा."

"दहाशे?"

"नाही, दहा. दहा रत्तल."

 दहा रत्तल म्हणजे किती ते भैयाजींना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. इंजिनघरातला मोठा घण दहा रत्तलाचा होता. म्हणजे वर्षाला माणशी एक घण. आणि रुळाचा एक वाराचा तुकडा नव्वद रत्तल भरतो, म्हणजे नऊ माणसांचं वर्षभराचं पोलाद एका वाराच्या रुळात संपलं. त्यांनी खिशातली पट्ट्यांच्या मापाची वही काढून ते आकडे उतरवून घेतले. येताना गाडीत ते खिडकीतून रूळच बघत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, जिनावरच्या बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या तेव्हा, त्यांनी ती वही वाचून दाखवली. चार नंबरच्या जिनावर बसणारी तानाबाई त्यांच्याच वस्तीतली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी सेलूला दिली होती, घरात एकटी. ती हसून म्हणाली, "भाऊ, माह्या वाट्याच्या दहा रत्तलातला एक विळा तेवढा मले देऊन देजा. बाकीचं तुमाले ठेवा."

सगळ्या बाया हसल्या. भैयाजीही हसले, पण वही त्यांनी परत खिशात नीट ठेवली.

त्या वर्षी त्यांच्या बोलण्यात ती वही वारंवार येऊ लागली. कोणी म्हणालं की इंग्रज गेला, आता काय कमी आहे, की हे आकडे सांगत. कमलाबाई वैतागायची. "दिवसरात लोखंड, लोखंड. घरात कुदळीचा दांडा तुटला हाय तो पाहा आधी." पण भैयाजींना त्यात एक गोष्ट टोचत होती, ती कमलाबाईलाही सांगता येत नव्हती. साहेब लोकांची हुशारी वेगळी असते, त्यांच्या हातात काही असतं, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. पण साहेबानं बनवलेलं इंजिन खोलून जोडणारे जुन्या मिस्तरीचे आणि आपले हात त्यांनी पाहिले होते. साहेबाच्या हातांहून ते वेगळे नव्हते. मग तो ठिपका का?

डिसेंबरात, हंगाम भरात असताना, एका सकाळी मोठ्या चाकाच्या आऱ्याजवळ केसासारखी रेघ दिसली. भैयाजींनी घणाच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. चाक खणखणलं नाही, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. त्यांनी ताबडतोब इंजिन थांबवलं.

प्रभाकररावांनी मुंबईच्या एजंटला तार केली. आठव्या दिवशी उत्तर आलं. परदेशी चलनाची टंचाई आहे, बाहेरून यंत्राचे भाग मागवायला सरकारी परवाना लागतो, परवाना मिळाला तरी वर्ष लागेल. शिवाय विलायतेतल्या त्या कंपनीनं असली चाकं करणं केव्हाच सोडलं आहे. प्रभाकररावांनी पत्र टेबलावर टाकलं. फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्या रेल्वे फाटकापर्यंत लागल्या होत्या, बैल सोडून लोक गाडीखाली झोपत होते.

"मिस्तरी, काय करता येईल?"

भैयाजींच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपुन बनवू."

सुताराकडून त्यांनी चाकाच्या मापाचा सागवानाचा साचा करवून घेतला आणि तो घेऊन नागपूरला गेले. तिथं एका ढलाईखान्यात नत्थू उस्ताद म्हणून ओळखीचा माणूस होता. पन्नाशीचा, भुवया जळून गेलेला. त्यानं साचा उलटासुलटा करून पाहिला, सुताराच्या कामाची तारीफ केली, आणि मग बोट दाखवलं. अंगणाच्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग होता. फुटके खलबत्ते, चुलीच्या जाळ्या, मिलमधली तुटकी चाकं, कुठल्यातरी बंगल्याचं गंजलेलं फाटक.

"बीड वितळवाले कच्चं लोखंड पाह्यजे, मिस्तरी. ते परमिटवर भेटते. मी सात महिन्यांपासून अर्ज देऊन राह्यलो. नाई भेटत. मंग हे वितळवतो. याच्यात काय काय हाय ते देवालेच माहीत."

"चाक फिरन ना?"

"फिरन. पन एक सांगतो, हळू फिरवजा. विलायती चाकाच्या बराबरीनं नका पळवू."

भैयाजी तीन दिवस तिथंच राहिले. त्यावरून वाळूचा साचा भरताना, रस ओतताना, चाक थंड होताना उभे होते. बाहेर काढलेलं चाक राखाडी आणि देखणं होतं. कानशीनं कडा साफ करताना त्यांना वाटलं, आपण उभ्या आयुष्यात केलेलं हे सगळ्यात मोठं काम. त्यांनी छिन्नीनं चाकाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं, 'सिंदी १९५७' कोरलं.

चाक बसवलं, इंजिन सुरू झालं. पहिल्या दिवशी भैयाजींनी प्रभाकररावांना स्पष्ट सांगितलं की जुन्या वेगाच्या चारातल्या तीन हिश्श्यांपेक्षा जास्त पळवायचं नाही. प्रभाकररावांनी मान डोलावली. महिना गेला. दीड महिना गेला. भैयाजी रोज सकाळी इंजिन लावायच्या आधी चाक ठोकून ऐकत, आणि ते खणखणीत बोले. गावात बातमी झाली होती. हिंगणघाटच्या एका जिनाचा माणूस ते बघायला आला, आणि भैयाजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "विलायतले हरवलं भाऊ तुमी!" फॅक्टरीच्या आत, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या पाठीवर असा हात आजवर कोणी ठेवला नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रभाकरराव दालनात आले. गाड्या अजून संपत नव्हत्या, आणि पुढे सगळी कपाशी दुसरीकडे जाईल अशी भीती होती. पट्ट्यांच्या खडखडाटात ते भैयाजींच्या कानाशी वाकून बोलले. "मिस्तरी, दीड महिना झाला. चाकाला काही झालं का? तुम्ही म्हणाल तसं. पण वेग थोडा वाढवता आला असता, तर बरं झालं असतं."

हुकूम नव्हता तो. विचारणं होतं. भैयाजींना नत्थू उस्तादाचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण त्याच्याबरोबर तंबूतला तो फळाही आठवला, आणि हिंगणघाटच्या माणसाचा पाठीवरचा हात. ते म्हणाले, "वाढवा साहेब. विलायती चाकावानीच हाय."

त्यांनी स्वतःच्या हातानं वाफेची चावी फिरवली.

नवव्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमाराला, ते इंजिनाच्या पिस्टनला तेल घालत होते. आधी एक आवाज झाला, तोफेसारखा, आणि मग दालनातला सगळा खडखडाट एकाएकी थांबला. त्या शांततेत एक बाई ओरडत होती. भैयाजी धावले. रुईचा पांढरा धुरळा भरला होता. चाकाचे तीन तुकडे झाले होते. एक छपराचा पत्रा फाडून गेला होता, एक भिंतीत रुतला होता. तिसरा चार नंबरच्या जिनावर पडला होता, आणि त्याच्याखाली तानाबाईचा उजवा हात होता.

रुईच्या गाठी भरायला आलेला ट्रक फाटकात उभा होता. गाठी खाली ढकलून तिला त्यात घातलं. वर्ध्यापर्यंत भैयाजींनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती शुद्धीत होती. वाटेत एकदाच बोलली. "भाऊ, माही भाकर जिनावर राह्यली. कुत्रं नेईल." दवाखान्यात डॉक्टरांनी कोपराच्या वर हात कापला.

तीन दिवसांनी भैयाजींनी तुटलेला तुकडा उचलून पाहिला. बाहेरून चाक गुळगुळीत होतं. आतून, आऱ्याच्या मुळाशी, बोट जाईल एवढी पोकळी होती, आणि तिच्याभोवती हवेचे बारीक फोड. आणखी एका ठिकाणी धातूचा रंगच वेगळा होता, पांढरट, ठिसूळ, हलका टोला दिला तरी कपचे उडतील असा. आवाज खणखणीत होता, तरी आत हे होतं. वीस वर्षं ते लोखंडाचा आवाज ऐकत आले होते.

नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या. सगळ्यांचे जबाब झाले. प्रभाकरराव म्हणाले, चाक मिस्तरींच्या सल्ल्यानं केलं, परवाना मिळत नव्हता, दुसरा इलाज नव्हता. ते खरंच होतं. मग भैयाजींना आत बोलावलं. ते उभेच राहिले.

"साहेब, लिहून घ्या. उस्तादानं हळू फिरवा म्हणून सांगतलं होतं. म्या वाढवा म्हणलं. वाफेची चावी म्या फिरवली."

इन्स्पेक्टर थकलेला माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "तुम्ही मालक आहात?"

"नाई."

"मॅनेजर?"

"नाई जी."

"मग याला या फॉर्मात जागा नाही." तो आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्तरी, या जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत मी या वर्षी असे चार चाकांचे कागद लिहिले. सगळी भंगारातून ओतलेली. मी काय लिहू? धातूतील दोष, असं लिहितो." आणि त्यानं तसंच लिहिलं.

भैयाजी एकदा नागपूरला जाऊन नत्थू उस्तादाला तो पोकळीचा तुकडा दाखवून आले. भांडायला गेले होते, पण भांडण झालं नाही. उस्तादानं तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि उन्हात धरला. "म्या सांगतलं होतं," इतकंच पुटपुटला. "हो," भैयाजी म्हणाले. "सांगतलं होतं तुमी." उस्तादानं चहा मागवला. दोघांनी तो भंगाराच्या ढिगाजवळ बसून प्यायला, आणि भैयाजी गाडीला परत आले.

तानाबाईला जिनावर परत घेतलं नाही. एका हातानं कपाशी टाकता येत नाही. कायद्यानं मिळायचं ते उशिरा मिळालं, मुलीनं सेलूला चल म्हटलं, पण ती गेली नाही. कमलाबाई रोज सकाळी तिच्या घरी जाऊन तिची वेणी घालून देई. एका हातानं वेणी घालता येत नाही हे तोपर्यंत वस्तीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कमलाबाईनं भैयाजींना कधी दोष दिला नाही. पण वहीतले आकडे त्यांनी पुन्हा कोणाला वाचून दाखवले नाहीत, आणि तिनंही कधी वहीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचा हंगाम फॅक्टरीनं कसाबसा काढला. एका बंद पडलेल्या जिनातलं लहान, झिजलेलं चाक बसवलं. त्यावर चोवीसांपैकी अकराच जिन चालत. निम्म्या बाया घरी बसल्या. त्यातल्या कोणी कोणी वाटेत भैयाजी दिसले की पदर ओढून बाजूनं जात.  स्टेशनात मालगाड्या थांबत. त्यांच्या उघड्या वाघिणींवर ताडपत्रीत गुंडाळलेली अवजड यंत्रं असत. भिलाईला चाललंय म्हणे, असं स्टेशनमास्तर सांगायचे. भैयाजी फलाटावर उभे राहून ती ताडपत्री बघत. एकदा मास्तरांनी विचारलं, "आता आपलंही लोखंड होणार मिस्तरी, काय?" भैयाजी म्हणाले, "होईन जी," आणि घरी गेले.

अठ्ठावन्नच्या शेवटी परवाना मिळाल्याचं पत्र आलं होतं, आणि एकोणसाठच्या नोव्हेंबरात लाकडी पेटी आली. विलायतेहून नाही. जपानहून. पेटीत लाकडाच्या भुशात ठेवलेलं चाक होतं, पोलादी, रंग दिलेलं. जुनं चाक उचलायला सहा माणसं लागत. हे दोघांनी उचललं. भैयाजींनी ते स्वतः बसवलं. दांड्यावर ते इतकं बरोबर बसलं की कानस लावावी लागली नाही. त्यांनी ठोकून पाहिलं नाही. ठोकून कळत नाही, हे त्यांना आता माहीत होतं.

सुरू करायच्या दिवशी प्रभाकररावांनी नारळ फोडला. सगळ्या बाया आपापल्या जिनावर परत बसल्या, चार नंबरवर कुंताबाई म्हणून नवी बाई होती. भैयाजींनी वाफ सोडली. चाक फिरायला लागलं, आणि त्याचा आवाजच येत नव्हता. पट्ट्यांचा आवाज येत होता, जिनांचा येत होता, चाकाचा नव्हता.

दाराशी कोणीतरी उभं होतं म्हणून त्यांनी मागं पाहिलं. तानाबाई होती. चोळीची उजवी बाही खाली गाठ मारून बंद केलेली. फॅक्टरी सुटल्यापासून ती पहिल्यांदाच आत आली होती. कोणी तिला अडवलं नाही. ती इंजिनघराच्या भिंतीला टेकून चाकाकडे बघत राहिली.

"कुठलं हाय हे, भाऊ?"

"जपानचं."

"जपान म्हंजे लढाईत हारले ते?"

"हो."

"त्याइच्या गावावर त बाँब पडले होते म्हंत."

"पडले होते."

ती चाकाकडे बघतच होती. "अन् तरी हे त्याइनं बनवलं," ती म्हणाली. मग, "आपल्या इथं काऊन नाई बनत, भाऊ?"

भैयाजींकडे उत्तरं होती. परमिट, कच्चं लोखंड, परदेशी चलन, भट्ट्या, शाळा, दीडशे वर्षं दुसऱ्याचं राज्य. हे सगळं त्यांनी कुठून कुठून ऐकलं होतं, वाचलं होतं. त्यांनी तिच्या गाठ मारलेल्या बाहीकडे पाहिलं. "मले नाई सांगता येत, तानाबाई," ते म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू तिलाही तेवढंच अपेक्षित होतं. दोनचा भोंगा द्यायची वेळ झाली होती. भैयाजी दोरीकडे गेले. परत आले तोवर ती फाटकापर्यंत पोचली होती, आणि कपाशीच्या गाड्यांमधून वाट काढत वस्तीकडे चालली होती. चार नंबरवरच्या कुंताबाईनं त्यांना हाक मारली, तिचा पट्टा सरकत होता. ते तो घट्ट करायला गेले.